क्रूझवर कोरोना पॉझिटिव्ह निघालो तर पुढे काय, हे आधी विचारा

(हे उत्तर फेब्रुवारी २०२२ चं, नियम आणि भाव तेव्हाचे.) ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही ठाण्याचे, नवरा-बायको, मुलगी १५ ची, मुलगा ९ चा, बरोबर बाबा ६९ वर्षांचे (डायबिटीस) आणि आई ६४ च्या (बीपी). आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत म्हणून मे महिन्यात मुंबईहून क्रूझ करायची, एक पर्याय गोवा दोन रात्री, दुसरा लक्षद्वीप, जास्त रात्रींचा. आणि जानेवारी २०२२ मध्ये गोव्याला क्रूझवर जे झालं (खाली सांगतो) ते टीव्हीवर बघून घरात दोन पार्ट्या पडल्यात. वर आईंची अट आहे की गोव्यात उतरलो की मंगेशीला जायचंच.

आधी माझं सांगतो. मी ११ वर्षं जहाजावर हाऊसकीपिंगमध्ये काढली, केबिन स्टुअर्ड म्हणून लागलो आणि सुपरवायझर होऊन उतरलो. गाव सावंतवाडीजवळ, तिथून गोवा हाकेच्या अंतरावर, आणि गोव्यात आमच्यासारख्यांना तारवटी म्हणतात, घराघरात एक तरी असतोच. २०२० ला साइन ऑफ झालो, म्हणजे जहाजावरून उतरलो, तो घरीच राहिलो, आता डोंबिवलीत बसून क्रूझची बुकिंगं करतो. म्हणजे तुम्ही गेलात तर मला चार पैसे मिळतात, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

सगळे मला एकच विचारतात, जहाजावर कोरोना होईल का हो? अहो तो लोकलमध्ये पण होईल, लग्नाच्या हॉलमध्ये तर हमखास होईल. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातला जेवढी माणसं खांद्याला खांदा लावून चालतात तेवढी जहाजाच्या कॉरिडॉरमध्ये कधीच नसतात. फरक दुसराच आहे. लग्नात झाला तर तुम्ही घरी येऊन खोलीत झोपता, जहाजावर झाला तर कुठे झोपायचं, किती दिवस झोपायचं आणि कुठल्या गावात उतरायचं हे तुम्ही ठरवत नाही, कॅप्टन पण ठरवत नाही, किनाऱ्यावरचं सरकार ठरवतं. गेल्या दोन वर्षांत क्रूझचे जे जे तमाशे झाले त्यातल्या बहुतेकांची गाठ शेवटी इथेच येऊन बसते.

डायमंड प्रिन्सेस, ते जपानला अडकलेलं जहाज, आठवत असेलच. हाँगकाँगला २५ जानेवारी २०२० ला एक प्रवासी उतरून गेला, १ फेब्रुवारीला तो पॉझिटिव्ह असल्याचं कळलं, तोवर जहाज पुढे गेलेलं. योकोहामाला पोचल्यावर ५ फेब्रुवारीपासून सगळ्यांना केबिनमध्ये बंद केलं. जहाजावर ३७११ माणसं, त्यातली शेवटी ७१२ पॉझिटिव्ह निघाली. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये प्रवाशांच्या बाल्कन्या दिसायच्या, पण त्या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ क्रू होते हे फार कमी लोकांना माहितीये. पॅसेंजर खोलीत बंद, पण त्यांना तीन वेळचं जेवण कोण देणार? क्रूच देणार ना. आणि तो क्रू खाली दोघं-दोघं एका केबिनमध्ये झोपणार, एकाच मेसमध्ये जेवणार. क्वारंटाइन वरच्या मजल्यांवर होतं, खाली नव्हतं. शेवटी २७ फेब्रुवारीला एअर इंडियाचं विमान ११९ भारतीयांना दिल्लीला घेऊन आलं.

हे झालं आजारी जहाजाचं. वेस्टरडॅम या दुसऱ्या जहाजाची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते, कारण त्यावर तेव्हा कोणी पॉझिटिव्ह सापडलेलाच नव्हता. तरी जपान नाही म्हणालं, तैवान नाही म्हणालं, फिलिपिन्स, ग्वाम, थायलंड सगळे नाही म्हणाले, जहाज आपलं समुद्रात फिरतंय, शेवटी कंबोडियाने सिहानुकविलला १३ फेब्रुवारीला आत घेतलं. दोन हजारावर माणसं, हातात तिकीट आहे, पैसे भरलेत, तब्येत ठीक आहे, पण पाय ठेवायला जमीन नाही.

आणि आपलं २०२२ चं गोवा. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज न्यू इयरसाठी मुंबईहून दोन हजाराच्या आसपास माणसं घेऊन निघालं, एक क्रू मेंबर पॉझिटिव्ह निघाला म्हणून मुरगावला (गोव्याच्या बंदरात) सगळ्यांच्या टेस्ट झाल्या, ६६ पॉझिटिव्ह आले, बाकीच्यांना पण गोव्यात फिरायला उतरू दिलं नाही आणि जहाज परत मुंबईला. तिथे पुन्हा टेस्ट, त्यात आणखी निघाले. आता बघा, त्यातल्या बऱ्याच लोकांना साधी सर्दीसुद्धा नसणार, ओमिक्रॉनच होता तो, पण न्यू इयर गेलं ते गेलंच आणि वर घरी कधी जाणार ते माहीत नाही.

खोटी पॉझिटिव्ह आली तरी तीच गत. सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये क्वांटम ऑफ द सीज सोडलं, कुठेच न थांबता समुद्रात फेरी मारून परत यायचं, निम्मेच प्रवासी, हातात ट्रेसिंगचं टोकन, म्हणजे यापेक्षा कडक बंदोबस्त मी तरी पाहिला नाही. ८३ वर्षांच्या एका आजोबांची टेस्ट पॉझिटिव्ह आली, जहाज तिथूनच मागे फिरलं, सगळे कित्येक तास केबिनमध्ये. नंतर परत टेस्ट केल्या तर निगेटिव्ह! चूक टेस्टची पण ट्रिप दीड-दोन हजार लोकांची गेली.

म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो की कंपनीला "सेफ आहे का" असं विचारूच नका, कोणीही सेफच म्हणणार. हे विचारा, की आमच्यातला एक जण दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह निघाला तर त्याला कुठल्या डेकवर ठेवणार, बरोबरच्यांना त्याच केबिनमध्ये ठेवणार की वेगळं, बंदराला लागल्यावर त्याला उतरवणार की परत नेणार, उतरवलं तर हॉटेलचा खर्च कोणाचा, आणि राहिलेल्या रात्रींचे पैसे रोख परत की पुढच्या ट्रिपचं क्रेडिट. फोनवर नाही, मेलवर विचारा. फोनवरची ती मुलगी गोड बोलते पण तिला काही माहीत नसतं, तिची चूक नाही, तिला स्क्रिप्ट दिलेली असते.

क्रेडिटवरून आठवलं, डिसेंबर २०२१ मध्ये शारजाला राहणारं एक आपलं मराठी कुटुंब माझ्याकडून दुबईहून निघणाऱ्या क्रूझवर जाणार होतं, चौघं, सगळ्यांचे पीसीआर निगेटिव्ह, बॅगा टॅग लावून आत गेलेल्या, आणि टर्मिनलवरच्या अँटिजेनमध्ये धाकटी पॉझिटिव्ह. नियम असा की एका केबिनमधला एक पॉझिटिव्ह तर केबिनच रद्द. ती पोरगी स्विमसूट आतून घालूनच आली होती बिचारी, फ्रॉकखाली. दोन तास बॅगा परत मिळायला लागले आणि पैसे परत न मिळता सहा महिन्यांचं क्रेडिट मिळालं. कंपनीचं नाव घेत नाही, कागदावर ते बरोबर होते, तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं आणि ते पान मी पण नीट वाचलं नव्हतं. माझं कमिशन मी त्यांना परत केलं, आणि तेव्हापासून तिसरं पान आधी वाचतो.

आता टेस्टचं गणित. तुम्ही ४८ तास आधी आरटीपीसीआर करता, निगेटिव्ह येते, पण आदल्या दिवशी ऑफिसच्या पार्टीत जर व्हायरस घेतलात तर तो त्या टेस्टमध्ये दिसतच नाही, ओमिक्रॉनला साधारण तीन दिवस लागतात डोकं वर काढायला. म्हणजे तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट हा परवाचा फोटो आहे, आणि जहाजावरचे दोन हजार लोक असे परवाचे फोटो घेऊन चढतात. म्हणून टेस्टपेक्षा महत्त्वाचं म्हणजे जायच्या आधीचा आठवडा. लग्न नको, मॉल नको, मुलाला वाढदिवसाला पाठवू नका, लोकलने जायचंच असेल तर मास्क नाकावर, हनुवटीवर नाही. पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ हे टेस्टचं किट मिळतं अडीचशेला (२०२२ चा भाव), निघायच्या सकाळी घरीच करून बघा, टर्मिनलवर रडण्यापेक्षा घरी रडलेलं बरं.

लसीचं तुमच्या घराचं गणित जरा अवघड आहे. तुम्ही लिहिलंय की आईबाबांचा दुसरा डोस मे २०२१ च्या मध्यात झाला, तर २०२२ च्या नियमाने प्रिकॉशन डोसला, म्हणजे तिसऱ्या डोसला, ३९ आठवडे लागतात, म्हणजे या फेब्रुवारीच्या मध्यातच दोघं पात्र होतायत, साठीच्या वर आणि डायबिटीस-बीपी आहेच. मे पर्यंत थांबू नका, याच महिन्यात घ्या, क्रूझला जा नाहीतर जाऊ नका. मुलीचा ३ जानेवारी २०२२ नंतर पहिला झाला असेल तर २८ दिवसांनी दुसरा, तो झाला का बघा. मुलगा नऊचा, त्याला आत्ता (फेब्रुवारी २०२२) लसच नाही, म्हणजे त्याच्यासाठी कंपनी काय मागते, टेस्ट का आणखी काही, ते वेगळं विचारायला लागेल. क्रूचं लसीकरण पूर्ण आहे का हेही विचारा, पॅसेंजर दोन रात्रींत बदलतो, क्रू सहा-आठ महिने तिथेच असतो.

केबिनवर मात्र मी हट्ट धरतो, इथे पैसे वाचवू नका. मार्च २०२० मध्ये आमचे पॅसेंजर उतरवले आणि आम्ही क्रू जहाजावरच राहिलो, आज जाऊ उद्या जाऊ करत. कंपनीने आम्हाला पॅसेंजरच्या केबिनमध्ये एकेकट्याला टाकलं, आणि मला नशिबाने आधी इनसाइड केबिन आली, म्हणजे खिडकी नसलेली. ज्या केबिनच्या चादरी मी शेकडो वेळा बदलल्या होत्या तीच. सकाळ-संध्याकाळ फोन यायचा, टेम्परेचर किती, मग दारावर तीनदा टकटक, मोजून दहा आकडे थांबायचं, मग दार उघडायचं, जमिनीवर ट्रे, फॉइल लावलेला, भात गार. दिवे घालवले की इतका काळोख की डोळे उघडे आहेत का मिटलेले कळायचं नाही. जहाजाच्या टीव्हीवर एक चॅनल असतं, ब्रिजवरच्या (जिथून जहाज चालवतात) कॅमेऱ्याचं, पुढचा समुद्र दिसतो फक्त, आवाज नाही काही नाही. पूर्वी मला हसू यायचं की हे चॅनल कोण बघतं. त्या आठवड्यात मी ते चोवीस तास लावून ठेवलं होतं, झोपताना पण, उजाडलं की खोलीत उजाडायचं. आठव्या दिवशी बाल्कनीची केबिन दिली तेव्हा पहिली पंधरा मिनिटं मी नुसता रेलिंग धरून उभा होतो, समोर आमच्यासारखीच दोन रिकामी जहाजं नांगरलेली, रात्री सगळे दिवे लावलेले, कोणासाठी कोण जाणे.

तेव्हा आईबाबांना इनसाइड देऊ नका. बाल्कनी परवडली तर बाल्कनी, नाहीतर निदान खिडकीवाली. बंद व्हायची वेळ आलीच तर एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला दिवस-रात्र तरी कळली पाहिजे. आणि सहाजणांच्या दोनच केबिन घेऊन तुम्ही चौघं एकत्र असं न करता एक केबिन आईबाबांची, आणि मुलं लसवालं-बिनलसवालं बघून तुमच्यात वाटा, तीन केबिन झाल्या तर उत्तम. एक पॉझिटिव्ह निघाला की त्याची अख्खी केबिन अडकते हे वर सांगितलंच.

गोवा की लक्षद्वीप, याला माझं उत्तर सरळ आहे, या वर्षी गोवा. लक्षद्वीपचं पाणी सुंदर, वादच नाही, पण तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरवून बेटावर नेतात, लाट असली की बाबांच्या वयाला ते चढ-उतर जड. शिवाय बेटावर काही सीरियस झालं तर पेशंटला हेलिकॉप्टरने कोचीला न्यायला लागतं. जहाजावरचा दवाखाना म्हणाल तर खालच्या डेकवर असतो, डॉक्टर, नर्स, थोडे बेड, एक-दोन व्हेंटिलेटर, सिलिंडरवरचा ऑक्सिजन. हार्ट अटॅक सावरून बंदरापर्यंत न्यायला ते पुरतं, एकाच वेळी दहा जणांना धाप लागली तर नाही पुरत. गोव्याच्या मार्गावर किनारा कायम जवळ असतो, एका रात्रीचा तर प्रवास.

बाकी जहाजावर स्वच्छता घरापेक्षा जास्त असते हे मी शपथेवर सांगतो. कोरोनाच्या आधीपासून आम्हाला नोरोव्हायरसची दहशत, म्हणजे जुलाब-उलट्यांची साथ. बुफेच्या दारात स्प्रेची बाटली घेऊन क्रू "वॉशी वॉशी" करत उभा असायचा, एकाने केबिनमध्ये उलटी केली की लाल पिशव्या, गाऊन, रेलिंगपासून लिफ्टच्या बटणापर्यंत सगळं पुसायचं. पण खरं सांगायचं तर तो पुसण्याचा आजार होता, हा श्वासाचा आहे. रेलिंग कितीही चकाचक करा, लिफ्टमध्ये बारा जण हसत-खिदळत चढले की संपलं. तेव्हा लिफ्ट टाळा (बाबांना गुडघ्याचा त्रास नसेल तर), जेवायला शेवटच्या वेळेला नको, पहिल्या वेळेला जा, थिएटर आणि डीजे सोडा, डेकवर उघड्यावर जेवढं बसता येईल तेवढं बसा, समुद्र बघायलाच तर चाललाय. एक गोष्ट कोरोनाने चांगली केली, ती मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम. पूर्वी निघायच्या आधी हजारो लोकांना लाइफबोटखाली घामाघूम उभं करायचो, आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ केबिनच्या टीव्हीवर बघायचा आणि आपल्या जागेवर एकदा जाऊन हजेरी लावून यायचं. आमच्या पिढीला हे बारा वर्षं आधी का नाही सुचलं कोण जाणे.

इन्शुरन्स काढताना "कोविड कव्हर" एवढं वाचून सही करू नका. हॉस्पिटलचा खर्च बऱ्याच पॉलिसी देतात, पण तुम्हाला हॉस्पिटल लागणारच नाही, तुम्हाला लागणार सात दिवसांचं हॉटेल. जानेवारी २०२२ च्या नियमाने पॉझिटिव्ह आल्यापासून सात दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नको, एवढं आयसोलेशन. ते हॉटेल, बदललेलं परतीचं तिकीट आणि बुडलेली ट्रिप पॉलिसीत आहे का ते बघा. बाबांचा डायबिटीस लपवू नका, पुढे क्लेममध्ये तोच काढतात. औषधं दोन रात्रींची नाही, पंधरा दिवसांची घ्या, इन्सुलिन असेल तर केबिनमधल्या मिनीबारवर भरवसा ठेवू नका, स्टुअर्डला सांगून दवाखान्याच्या फ्रिजची सोय विचारा. ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर बॅगेत टाकाच.

अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्यसंस्था) ३० डिसेंबर २०२१ ला लस घेतलेल्यांनी पण क्रूझ टाळा असं सांगितलं, ते तुमच्या नवऱ्याने लिहिलंय. बरोबर आहे, पण ते ओमिक्रॉनच्या ऐन चढाचं होतं आणि आता आपल्याकडची लाट उतरतेय. मे महिन्यात काय असेल ते मी पण सांगू शकत नाही, म्हणून आत्ता पूर्ण पैसे भरू नका, जिथे सात-आठ दिवस आधीपर्यंत रोख परत मिळतात तेच घ्या, दोन हजार महाग पडलं तरी.

माझं मत विचाराल तर तुम्ही चौघं जा म्हणेन, आईबाबांचा प्रिकॉशन डोस झाला, मेलवर वरच्या प्रश्नांची उत्तरं नीट आली आणि बाल्कनी मिळाली तर सहाही जा. यातलं एक जरी नाही झालं तर या वर्षी आईबाबांना नेऊ नका.

राहिली मंगेशी. आईंना आत्ताच सांगून ठेवा, कोविडमध्ये बऱ्याच कंपन्या स्वतःच्या बसने, स्वतःच्या गाईडबरोबर, ठरलेल्या ठिकाणीच उतरू देतात, आपली टॅक्सी करून गेलात तर परत जहाजावर घेत नाहीत. त्यांच्या बसच्या यादीत मंगेशी असलं तर ठीक. नसेल आणि आईंचा जीव समुद्रापेक्षा देवळातच अडकलेला असेल तर मला कमिशन नको, ठाण्याहून कोकणकन्या पकडा, सकाळी मडगाव. फक्त मे महिन्याचं वेटिंग आजच बघा, ते जहाजापेक्षा लवकर भरतं.